पराभूतांचे श्राद्ध

पराभूत प्रतिस्पर्ध्याच्या नावाने गळा काढून रडणे, त्याच्या ‘निधना’ची वार्ता काळ्या चौकटीत छापणे, त्याच्या अंगच्या गुणांची उजळणी करीत चार ओळींचे शोकगीत रचणे आणि अखेरीस उत्तरक्रियेचा तपशील रीतसर जाहीर करणे, हा क्रीडाप्रेमी समाजांचा सुमारे दीडशे वर्षांचा छंद आहे. या छंदातून जे वाङ्मय निर्माण झाले ते बहुतांशी अल्पजीवी ठरले. सामन्याच्या दिवशी हौसेने विकत घेतलेला कागद पुढच्या सामन्यापर्यंत जपून ठेवावा असे फार थोड्यांना वाटले, आणि वाङ्मयाच्या इतिहासकारांनी तर त्याची दखल आपल्या दप्तरी क्वचितच घेतली. तथापि याच उपेक्षित वाङ्मयातील एका चार-पाच ओळींच्या मजकुराने जगातील एका अत्यंत प्रतिष्ठित क्रीडास्पर्धेला तिचे नाव, तिचे चिन्ह आणि तिची सारी आख्यायिका बहाल केली, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या प्रकाराकडे केवळ टवाळी म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल, याविषयी शंका उरत नाही.

वरवर पाहता या रचनांचा हेतू हरलेल्याला हिणवणे एवढाच दिसतो. परंतु त्यांचा थोडा निकट परिचय करून घेतल्यास असे आढळून येते की, ज्याच्यासाठी रडावे असा प्रतिस्पर्धी मुळात थोर असल्याची कबुली आणि तो पुढील हंगामात उठून उभा राहील असा विश्वास, या दोन गोष्टी प्रत्येक उत्तम विनोदी शोककाव्याच्या पोटी गृहीत असतात. क्षुद्राच्या पराभवावर कोणी विलाप रचीत नाही, आणि जो खरोखरच नामशेष झाला त्याच्या पराभवावर कोणाला हसू येत नाही. कबुली आणि विश्वास यांपैकी एकही निखळला म्हणजे काव्य नाहीसे होते आणि मागे निव्वळ क्रौर्य उरते. हे या प्रकरणाचे प्रतिपाद्य असून पुढील साऱ्या हकिगतींकडे वाचकाने याच दृष्टीने पाहावे.

करुणाचा आभास

खोट्या शोकाने हसू का यावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या साहित्यशास्त्रात सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेले आहे. भरताने नाट्यशास्त्रात शृंगारापासून हास्य उद्भवते असे सांगितले. त्यावर भाष्य करताना काश्मीरच्या अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त ही कल्पना विस्तारली आणि असे प्रतिपादन केले की, केवळ शृंगाराच्याच नव्हे, तर कोणत्याही रसाच्या आभासातून हास्य निर्माण होऊ शकते. या प्रतिपादनासाठी त्याने जे उदाहरण योजिले ते आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडते: जो ज्याचा आप्त नव्हे त्याने त्याच्यासाठी शोक मांडला, तर तो करुणही हास्यरूपच होतो. मृतासाठी पत्नीने, पुत्राने वा मित्राने रडणे हा करुणरस. पण ज्याने त्याला नुकतीच धूळ चारली त्यानेच छाती पिटून रडणे हा हास्यरस. क्रीडांगणावरील विनोदी विलापाची याहून नेमकी व्याख्या करता येणार नाही.

आभास उत्पन्न व्हावयाचा तर मूळ वस्तू सर्वांच्या परिचयाची असावी लागते. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात इंदुमतीच्या मृत्यूनंतर अजाचा, आणि ‘कुमारसंभवा’च्या चौथ्या सर्गात मदनाच्या दहनानंतर रतीचा विलाप वर्णिला, आणि दोन्ही ठिकाणी त्याने वियोगिनी हे एकच वृत्त वापरले. विलापाला स्वतःचे असे वृत्त असते आणि स्वतःचे संकेतही असतात: मृताला उद्देशून हाक, त्याच्या गुणांचे स्मरण, दैवाला दिलेला दोष, आणि आता जगून काय करावे हा प्रश्न. हे संकेत जितके दृढ, तितका त्यांचा विनोदी अनुवाद सोपा. ज्या समाजाने मरणाचे विधी आणि मरणाची भाषा काटेकोर घडवलेली असते, त्याच समाजात विनोदी शोककाव्यही बहरते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्लंड हा असा समाज होता.

शोकाचे शतक

१४ डिसेंबर १८६१ रोजी प्रिन्स अल्बर्ट यांचा अंत झाला आणि राणी व्हिक्टोरिया यांनी त्या दिवशी धारण केलेला शोकवेष १९०१ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत उतरवला नाही. राजघराण्याचा हा आदर्श सरदारांनी, मध्यमवर्गाने आणि यथाशक्ती मजुरांनीही उचलला. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर केवळ शोकवस्त्रे व शोकसाहित्य विकणारे विशाल दुकान १८४१ पासूनच चालू होते. विधवेने किती काळ कोणते कापड वापरावे, पत्राच्या कागदाची काळी कड किती रुंद असावी, याचे अलिखित पण कडक नियम होते. घरात मृत्यू झाला की आप्तेष्टांना पाठविण्यासाठी छोटी स्मृतिकार्डे छापून घेतली जात. त्यांवर काळी किनार, थडगे, रक्षाकलश अथवा अश्रू ढाळणाऱ्या वृक्षाचे चित्र, मृताचे नाव, तिथी, वय, आणि खाली चर्चमधील स्तोत्रांच्या चालीवरील चार ओळींचे पद्य असे. हे पद्य बहुधा ठरावीक साच्याचे असे. नाव बदलले की तेच पद्य कोणाच्याही मृत्यूस शोभून दिसे.

याच काळात दुसरीकडे खेळांचा विस्तार होत होता. कारखान्यांच्या कायद्यांनी कापडगिरण्यांतील कामगारांना शनिवारची दुपार मोकळी मिळवून दिली. १८७० च्या शिक्षणविषयक कायद्याने साक्षरता तळापर्यंत नेण्यास आरंभ केला. आगगाडीने एका गावच्या पाठीराख्यांना दुसऱ्या गावच्या मैदानावर नेऊन सोडले. आणि स्वस्त छपाईने एका पेनीत वृत्तपत्र हाती ठेवले. मैदानाच्या दाराशी पद्य विकणे हा एक धंदाच होऊन बसला. यॉर्कशरमध्ये जन्मलेला, पण ‘सरेचा कवी’ म्हणून ओळखला जाणारा अल्बर्ट क्रेग १९०९ मध्ये मृत्यू येईपर्यंत क्रिकेटच्या मैदानांवर, विशेषतः लंडनच्या ओव्हलवर, खेळाडूंविषयी रचलेली कवने कागदावर छापून प्रेक्षकांत फिरून विकत असे आणि पावसाने खेळ थांबला तर आपल्या हजरजबाबी बोलण्याने त्यांची करमणूक करीत असे. प्रत्येक घरी असलेले स्मृतिकार्ड, मैदानावरील पद्याचा बाजार आणि शनिवारची मोकळी दुपार, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर पराभूत संघाचे स्मृतिकार्ड निघणे अटळच होते.

ओव्हलवरील निधन

ज्या मैदानावर पुढे १९७१ साली अजित वाडेकरांच्या भारतीय संघाने इंग्लंडला हरवून मालिका जिंकली, त्याच लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर २८ व २९ ऑगस्ट १८८२ या दोन दिवशी इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचा सामना झाला. पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर बिली मर्डॉक यांचा ऑस्ट्रेलियन संघ पहिल्या डावात अवघ्या ६३ धावांत आटोपला आणि इंग्लंडने १०१ धावा करून ३८ धावांची आघाडी मिळवली. दुसऱ्या डावात ह्यू मॅसीने तडाखेबंद ५५ धावा काढल्या, तरी ऑस्ट्रेलियाची मजल १२२ पर्यंतच गेली. याच डावात डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी, धाव पूर्ण करून खेळपट्टी थोपटण्यासाठी पुढे गेलेल्या सॅमी जोन्सला धावचीत केले. नियमानुसार ही कृती निर्दोष होती, खिलाडू वृत्तीच्या दृष्टीने मात्र ती ऑस्ट्रेलियनांना अक्षम्य वाटली, आणि त्यांचा गोलंदाज फ्रेडरिक स्पॉफर्थ संतापाने पेटून मैदानात उतरला.

इंग्लंडला जिंकण्यासाठी ८५ धावा हव्या होत्या. दोन गडी बाद ५१ अशी सुस्थिती असताना उरलेले आठ फलंदाज पुढच्या २६ धावांत तंबूत परतले. स्पॉफर्थने पहिल्या डावाप्रमाणे या डावातही सात बळी घेतले आणि सामन्यात ९० धावांत १४ बळींची नोंद केली. त्याच हंगामात याच ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध शतके ठोकलेला सी. टी. स्टड एका टोकाला एकही चेंडू न खेळता उभा राहिला, दुसऱ्या टोकाला टेड पीटचा त्रिफळा उडाला, आणि इंग्लंड ७७ धावांत बाद होऊन अवघ्या ७ धावांनी हरले. स्वतःच्या भूमीवर इंग्लंडने कसोटी सामना गमावण्याचा हा पहिलाच प्रसंग. ज्या वसाहतीने हा खेळ इंग्रजांकडून घेतला तिनेच त्यांना त्यांच्या राजधानीत पाणी पाजले, ही नामुष्की लहान नव्हती.

दोन दिवसांनी, म्हणजे ३१ ऑगस्टला, चार्ल्स अल्कॉक यांच्या ‘क्रिकेट’ या साप्ताहिकात इंग्लंडच्या क्रीडावर्चस्वाच्या निधनाची वार्ता थडग्यावरील लेखाच्या थाटात प्रसिद्ध झाली आणि तिच्यात अखेरच्या बळीच्या नावावर कोटी साधलेली होती. २ सप्टेंबरला ‘स्पोर्टिंग टाइम्स’ या पत्रात रेजिनाल्ड शर्ली ब्रूक्स या तरुण पत्रकाराने दुसरी वार्ता छापली. स्मृतिकार्डाची सारी मांडणी तिने हुबेहूब उचलली होती: इंग्लिश क्रिकेटचे प्रेमपूर्वक स्मरण, मृत्यूचे स्थळ व तारीख, शोकाकुल स्नेह्यांचा उल्लेख, आणि सर्वांत शेवटी ताजा कलम म्हणून अशी सूचना की, मृतदेहाचे दहन करण्यात येऊन रक्षा ऑस्ट्रेलियास नेली जाईल. पहिल्या वार्तेचा विसर पडला; दुसरीतील रक्षा मात्र इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेच्या नावात आजही हिंडत आहे.

दहनाचा दाह

या शेवटच्या सूचनेची तीक्ष्णता मराठी वाचकाला सहजासहजी जाणवणार नाही. आपल्याकडे चिता, अस्थिसंचय आणि रक्षाविसर्जन हे मृत्यूनंतरचे नित्याचे विधी. परंतु १८८२ च्या इंग्लंडात मृताला पुरणे हाच धर्म आणि हीच रूढी होती, आणि दहनाचा नुसता उच्चारही पुष्कळांना पाखंडासारखा वाटे. राणीचे शल्यवैद्य सर हेन्री थॉम्प्सन यांनी १८७४ मध्ये आरोग्याच्या कारणास्तव दहनाचा पुरस्कार करणारे एक जाहीर निवेदन काढले आणि त्यातून दहनाचा प्रचार करणारी संस्था स्थापन झाली. तिने वोकिंग येथे दहनगृह बांधले, १८७९ मध्ये तेथे एका घोड्याच्या शवावर प्रयोग केला. तेव्हा स्थानिक रहिवाशांनी असा गहजब केला की सरकारने पुढील वापरास मनाई केली. १८८४ मध्ये, वेल्समधील डॉक्टर विल्यम प्राइस यांनी आपल्या मृत बालकाचे दहन करण्याचा प्रयत्न केल्यावरून भरलेल्या खटल्यात, न्यायाधीशांनी दहन हा स्वतः गुन्हा नव्हे असा निवाडा दिला, आणि त्यानंतर १८८५ मध्ये वोकिंगला पहिले अधिकृत दहन झाले.

मृत्युवार्तेचा लेखक रेजिनाल्ड हा ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे संपादक शर्ली ब्रूक्स यांचा मुलगा होता, आणि १८७४ च्या त्या निवेदनावर सही करणाऱ्यांत कादंबरीकार अँथनी ट्रॉलोप, चित्रकार मिले आणि व्यंगचित्रकार टेनियल यांच्या जोडीने शर्ली ब्रूक्सही होते. तेव्हा मुलाने क्रिकेटच्या ‘प्रेता’साठी दहनाची योजना केली तीत पित्याच्या चळवळीचा स्पर्श होता, असे मानण्यास सबळ आधार आहे. विनोदी शोकाचे सामर्थ्य कोठे असते ते येथे स्पष्ट दिसते. विधीचा साचा संपूर्ण पाळावा आणि एकच तपशील असा घालावा की वाचणाऱ्याला ठेच लागावी. ब्रूक्सने नेमके हेच केले, आणि म्हणून त्याच्या वार्तेला अल्कॉक यांच्या वार्तेहून अधिक आयुष्य लाभले.

मेलेल्याची परतफेड

विनोदाने मृत ठरविलेला संघ पुढील काही आठवड्यांतच प्रवासाला निघाला. तेवीस वर्षांच्या आयव्हो ब्लाय यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियास गेलेल्या इंग्लिश संघाचा उद्देश ब्लाय यांनी तेथील सभासमारंभांत उघडपणे सांगितला: ती रक्षा परत न्यायची. ज्याला मृत म्हटले त्यानेच आपली रक्षा मागावयास यावे आणि मागताना थट्टेचा सूर मोडू देऊ नये, यात एक प्रकारचा दिलदारपणा होता. मर्डॉक यांच्या संघाशी झालेल्या तीन सामन्यांपैकी पहिला ऑस्ट्रेलियाने, तर दुसरा आणि तिसरा इंग्लंडने जिंकला. मेलबर्नच्या दुसऱ्या सामन्यात बिली बेट्सने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. याच दौऱ्यात व्हिक्टोरिया प्रांतातील सनबरी येथे, सर विल्यम क्लार्क यांच्या रूपर्ट्सवुड या वाड्याशी निगडित असलेल्या स्त्रियांनी ब्लाय यांना साधारण ११ सेंटिमीटर उंचीचा एक मातीचा कलश खाजगी भेट म्हणून दिला, आणि त्याच वाड्यात संगीत शिकविणाऱ्या फ्लॉरेन्स मॉर्फी यांच्याशी ब्लाय यांचा १८८४ मध्ये विवाह झाला.

विनोदी शोककाव्याच्या दृष्टीने या कलशाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यावर चिकटविलेले सहा ओळींचे पद्य. १ फेब्रुवारी १८८३ च्या ‘मेलबर्न पंच’मधून कापलेल्या या पद्यात कलश घेऊन मायदेशी परतणाऱ्या ब्लाय यांचे, आणि स्टड बंधू, स्टील, रीड, टायलकोट, बार्लो व बेट्स या त्यांच्या सहकाऱ्यांचे, नावानिशी कौतुक केलेले आहे. ब्रूक्सची वार्ता इंग्रजाने इंग्रजांच्या पराभवावर लिहिली होती, आणि तिचे उत्तर देणारे हे पद्य ऑस्ट्रेलियन पत्राने ऑस्ट्रेलियाच्या पराभवानंतर छापले. म्हणजे दोन्ही बाजूंनी लेखणी उचलली ती स्वतःच्या पराभवाच्या वेळी. ही परंपरा पहिल्याच वर्षी इतक्या उमद्या वृत्तीने सुरू झाली, हे तिच्या दीर्घायुष्याचे एक प्रमुख कारण होय. मध्यंतरी वीसेक वर्षे ही थट्टा काहीशी विस्मृतीत गेली. १९०३-०४ च्या दौऱ्यात पेल्हम वॉर्नर यांनी मालिका ३-२ अशी जिंकून त्यावर पुस्तक लिहिले आणि रक्षेची कल्पना पुन्हा सर्वतोमुखी झाली. कलश ब्लाय यांच्या घरीच राहिला. १९२७ मध्ये त्यांच्या निधनानंतर फ्लॉरेन्स यांनी तो मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या स्वाधीन केला. तेव्हापासून त्याचा मुक्काम लॉर्ड्सवर आहे.

काळ्या किनारीची फुटबॉल कार्डे

अल्कॉक हे नाव या इतिहासात दुसऱ्यांदा भेटते. सरे क्लबचे चिटणीस या नात्याने ओव्हलचा कारभार पाहणारे हे गृहस्थ इंग्लिश फुटबॉल संघटनेचेही चिटणीस होते आणि १८७१ मध्ये सुरू झालेली एफ. ए. चषकस्पर्धा ही त्यांचीच कल्पना. त्या मृत्युवार्तेनंतर सात महिन्यांनी, ३१ मार्च १८८३ रोजी, त्याच ओव्हलवर चषकाचा अंतिम सामना झाला. विणकर, ओतशाळेतील कामगार, नळकाम करणारा अशा कष्टकऱ्यांचा ब्लॅकबर्न ऑलिंपिक हा संघ, ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या सरदारी संघाला २-१ असे हरवून चषक उत्तरेकडे घेऊन गेला. कुलीन हौशी संघांच्या हाती तो पुन्हा कधीच आला नाही. खेळाचे केंद्र लँकेशर, यॉर्कशर आणि मिडलंड्सच्या गिरणीगावांत सरकले, आणि विनोदी स्मृतिकार्डाची खरी भरभराट याच मुलुखात झाली.

ही कार्डे खऱ्या स्मृतिकार्डांशी इतकी मिळतीजुळती असत की दुरून पाहणाऱ्याला फरक कळू नये. काळी किनार तीच, थडगे तेच, कलश तोच. मृताच्या जागी मात्र फुटबॉलच्या किंवा रग्बीच्या एखाद्या संघाचे नाव, मृत्यूचे स्थळ म्हणून मैदानाचे नाव आणि मृत्यूचे कारण म्हणून विजयी संघाचा उल्लेख. खाली तेच स्तोत्राच्या चालीचे चतुष्पदी पद्य, आणि त्यात पराभूतांनी चषकाची कशी आशा धरली, त्यांच्या बचावफळीने कसा घात केला, आणि आता त्यांनी शांतपणे कसे विसावावे याचे निवेदन. चर्चमध्ये दर रविवारी जी चाल म्हणावयाची, तीच चाल शनिवारच्या पराभवाला लावली म्हणजे पद्य निराळे पाठ करावे लागत नसे. एका वाचनात ते जिभेवर बसे आणि मद्यगृहापर्यंत पोचताना सामुदायिक गाणे होऊन जाई.

कवित्वाच्या कसोटीवर ही पद्ये सामान्य होती हे मान्य करावे लागेल. परंतु गिरणीगावातील जीवनात त्यांनी जे काम केले ते सामान्य नव्हते. दोन शेजारी गावांतील मजूर एकाच बाजारपेठेत जात आणि परस्परांच्या घरी लग्नसंबंध जोडीत. त्यांच्या गावकीच्या अभिमानाला झगडण्यासाठी जागा हवी होती आणि झगडून झाल्यावर पुन्हा एकत्र नांदण्यासाठी सभ्य वाटही हवी होती. काळ्या किनारीचे कार्ड ही वाट होती. हरलेल्या मेव्हण्याच्या हाती ते ठेवल्यावर तो चिडणार, हे खरे. पण ते खिशात घालून पुढच्या वर्षी तसेच कार्ड परत देण्याची वाट पाहणार, हेही तितकेच खरे. १९०१ मध्ये क्रिस्टल पॅलेस येथील चषकाच्या अंतिम सामन्याला १,१०,८२० प्रेक्षक जमले. एवढ्या समुदायाच्या हर्षविषादाला आकार देण्याचे काम अशा चिठोऱ्यांनीही केलेले आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांचा बहर ओसरला. घरोघरी खऱ्या मृत्यूच्या तारा येऊ लागल्यावर काळ्या किनारीची थट्टा कोणाला रुचावी?

नेपल्स आणि ब्वेनोस आयरेस

हा प्रकार इंग्लंडपुरता मर्यादित राहिला नाही. इटलीत गावातील मृत्यूची वार्ता भिंतीवर छापील पत्रक चिकटवून कळविण्याची रीत आहे. १० मे १९८७ रोजी दिएगो मारादोना यांच्या नापोली संघाने इटलीचे विजेतेपद प्रथमच मिळवले, तेव्हा नेपल्सच्या नागरिकांनी उत्तरेकडील युव्हेंतुस आणि मिलान या बलाढ्य संघांच्या निधनाची पत्रके काढली, शवपेटिका खांद्यावर घेऊन त्यांच्या अंत्ययात्रा काढल्या आणि त्या पेटिका जाळल्या. संपन्न उत्तरेकडून दरिद्री दक्षिणेची जी हेटाळणी पिढ्यान्‌पिढ्या होत आली होती, तिची परतफेड नेपल्सने आपल्या भिंतींवरच्या विधीतून केली.

अर्जेंटिनात २६ जून २०११ रोजी रिव्हर प्लेट हा नामांकित संघ आपल्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या श्रेणीत घसरला, आणि बोका ज्युनियर्सच्या पाठीराख्यांनी शवपेटिकांपासून पांढऱ्या वस्त्रातील भुतापर्यंत शोकाची सारी सामग्री रस्त्यावर आणली; दुसऱ्या श्रेणीचे ‘ब’ हे अक्षर मिरविणारे ते भूत पुढे कित्येक वर्षे रिव्हरला मैदानोमैदानी भेटत राहिले. परंतु रिव्हर एका वर्षात पहिल्या श्रेणीत परतला, २०१५ मध्ये त्याने दक्षिण अमेरिकेचा सर्वोच्च क्लबचषक जिंकला, आणि ९ डिसेंबर २०१८ रोजी माद्रिद येथे याच चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने प्रत्यक्ष बोकालाच ३-१ असे हरवले. ज्यांनी तिरडी बांधली त्यांच्याच दारात ‘मृत’ विजेता होऊन उभा राहिला. क्रीडेतील मृत्यूचे हेच वैशिष्ट्य होय, आणि शोकगीत रचणाऱ्याने ते कधीही विसरता कामा नये.

मर्यादा

ते विसरले गेल्याची उदाहरणेही आहेत आणि त्यांचा निषेध केल्यावाचून हे प्रकरण पूर्ण होणार नाही. १४ मे २०१५ रोजी बोकाच्या मैदानावर रिव्हरविरुद्धच्या सामन्यात ते पांढरे भूत ड्रोनला बांधून आकाशात उडवले गेले. त्याच रात्री, त्याच प्रेक्षागारातून रिव्हरच्या खेळाडूंवर डोळे चुरचुरणारे द्रव्य फवारले गेले, सामना बंद पडला आणि बोकाला स्पर्धेतून बाद करण्यात आले. भूत ही थट्टा होती, फवारा हा अत्याचार होता, आणि दोन्ही एकाच रात्री घडल्यामुळे थट्टेचीही शोभा गेली.

याहून अधिक दुःखद प्रकार इंग्लंडमध्ये आढळतो. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथील विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडच्या आठ खेळाडूंसह २३ जण मृत्युमुखी पडले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या ९७ पाठीराख्यांचा बळी गेला. प्रतिस्पर्धी प्रेक्षकांतील काहींनी या खऱ्या मृत्यूंवर गाणी रचून ती गायिली, आणि शेवटी २०२३ मध्ये तेथील फुटबॉलच्या कारभाऱ्यांना आणि सरकारी अभियोक्त्यांना अशा घोषणांविरुद्ध कारवाईचे धोरण जाहीर करावे लागले. अभिनवगुप्ताचा निकष येथे लावला म्हणजे दोष कोठे आहे ते उमगते. ज्याचे कोणी मेलेलेच नाही त्याच्यासाठी परक्याने रडणे हा करुणाचा आभास; ज्याचे खरोखर कोणी मेले आहे त्याच्यासमोर हसणे यात आभास कसलाच नाही, तेथे करुण खरा आहे आणि हसणारा केवळ निर्दय.

आपल्या मैदानांसाठी

महाराष्ट्राला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. शिमग्यात तोंडावर हात मारून बोंब ठोकणे हा शोकाच्या आक्रोशाचाच उत्सवी अवतार आहे, आणि त्या दिवशीची मोकळीक दुसऱ्या दिवशी संपते हा त्याचा नियमही सर्वांना ठाऊक आहे. गंभीर काव्याचा साचा घेऊन त्यात हलका आशय ओतण्याची कला आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ या संग्रहात मराठीत रुजवली. या प्रकाराची घडण ध्यानी यावी म्हणून प्रस्तुत प्रकरणापुरते रचलेले दोन श्लोक येथे देतो:

गेला गेला महासंघ, सात धावांनि संपला;
तेराव्या दिवशी आम्ही लाडू पंक्तीत वाढले.
ऊठ रे पुढल्या साली, वाट पाहू तुझी सदा;
तुझ्यावाचून मैदान भासते सर्व मोकळे.

पहिल्या ओळीत निधनाची घोषणा आहे आणि पराभूताला ‘महासंघ’ म्हणून त्याच्या थोरवीची कबुलीही. दुसऱ्या ओळीत विधी यथासांग पाळलेला आहे, आणि लाडू वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर शोक नाही हे सांगावे लागत नाही. उरलेल्या दोन ओळींत पुनरुत्थानाचे आवाहन आहे, आणि तेथे थट्टेचे आवरण क्षणभर विरळ होऊन एक सरळ सत्य बाहेर येते: प्रतिस्पर्धी नसेल तर खेळच नाही.

आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांत, कबड्डी आणि खो-खोच्या मैदानांवर, गावोगावच्या क्रिकेट-चषकांच्या वेळी आज जी घोषणाबाजी ऐकू येते तिच्यातील बराच भाग शिवीगाळीत मोडतो, आणि शिवीला स्मरणशक्ती नसल्यामुळे ती दुसऱ्या दिवशी नुसती अढी ठेवून जाते. तिच्या जागी विजयी संघातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने पराभूतांच्या नावे चार ओळींचा विलाप रचावा, असे मला मनापासून वाटते. तो रचण्यासाठी छंद सांभाळावा लागेल, धावफलक अचूक ठाऊक असावा लागेल. आणि पराभूतांत सर्वांत चांगला कोण खेळला ते पाहून त्याचे नाव श्लोकात आणावे लागेल, कारण थोरवीच्या कबुलीवाचून विलाप उभाच राहत नाही. एवढे केल्यावर तो कागद हरलेल्या कप्तानाच्या हाती द्यावा आणि पुढील वर्षाच्या सामन्याची तारीख त्याच्याशी तेथेच ठरवून घ्यावी.